निळं लोशन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळा दवाखाना उकळबाई म्हणतो, आणि तोंडावर म्हणतो. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. घरी त्या चमचे उकळतात, कंगवे उकळतात, एकदा थोरल्या दिरांची कवळी उकळत ठेवून कपडे वाळत घालायला गेल्या. कवळी वाकडी झाली आणि दीर बिचारे तीन आठवडे सगळं कुस्करून खात होते. "वाकडी झाली तर झाली, स्वच्छ तरी झाली," असं वर ऐकवलंही त्यांनी. अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी तेवीस वर्षं घालतेय.

दोघी जावा एकाच घरात राहतो आणि एकाच ठिकाणी कामाला जातो. त्यांनीच मला चिकटवलं तिथे. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात आमची खोली आहे. ऑपरेशन झालं की रक्तामांसाने भरलेले चिमटे, कात्र्या, सगळं आमच्याकडे खाली येतं. खोलीचे दोन भाग. अलीकडे मळकी बाजू. तिथे मी आणि ठेंगणी अशा दोघी हत्यारं घासतो, चष्मेवाली ती ट्रेमध्ये लावून कापडात बांधते. मग ट्रे जातात वाफेच्या मशीनमध्ये. त्या मशीनला दोन दारं आहेत. एक आमच्याकडे उघडतं, दुसरं पलीकडे, निर्मळ बाजूला. मधे जाड काच आहे आणि बोलायला एक स्पीकर.

निर्मळ बाजूला एकच बाई असते, ती म्हणजे आमच्या जाऊबाई. आत जायचं तर बाहेरचे कपडे काढा, कोपरापर्यंत हात धुवा, टोपी, मास्क, आतल्या चपला. एकदा बॅच लागली की ती निघून, गार होऊन, फळीवर लागेपर्यंत बाहेर यायचं नाही. बाहेर आलात तर आतलं सगळं पहिल्यापासून. अडीच तासांची एक बॅच, दिवसातून तीन. आत प्यायचं पाणी नाही, आणि संडास तर नाहीच नाही. एकवीस वर्षांत त्यांची एकही ट्रे वरून परत आली नाही. लग्नात मिळालेल्या दागिन्यांबद्दल बायका बोलत नसतील इतकं त्या ह्याबद्दल बोलतात.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची पाळी गेली. "सुटले गं बाई एकदाची!" म्हणाल्या आणि त्या दिवशी आम्हा तिघींना चहा पाजला. कसलं सुटणं आणि कसलं काय.

दोन-तीन वर्षांनी माझ्या लक्षात यायला लागलं. सकाळी उठल्यापासून बाई पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हत्या. जेवताना दोन घोट, तेही औषधासारखे. बसताना एका बाजूवर बसायच्या. न्हाणीघरात गेल्या की अर्धा-अर्धा तास बाहेर येत नसत, आणि घरात न्हाणीघर एकच, माणसं सहा. माझा नवरा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "वहिनी आत काय झोपल्यात काय?" मी त्याला गप्प करायची. त्या बाहेर आल्या की वास यायचा. साबणाचा नाही. तो वास मी दिवसभर हुंगते, मला कोण फसवणार? आमच्या खोलीतल्या निळ्या लोशनचा वास होता तो. हत्यारं घासण्याआधी भिजत घालायचं लोशन.

एका रविवारी घरात दोघीच होतो. मी न्हाणीघरात शिरले, बादलीमागे हात घातला आणि शांपूची जुनी बाटली काढली. झाकण उघडलं तर निळं.

"हे काय आहे, जाऊबाई?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही. "ठेव तिथे."

"अंगाला लावता हे? ह्याने लोखंडावरचं रक्त निघतं!"

"म्हणूनच लावते." मग हातातली सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "मला जंतू झालेत, धाकटे."

एवढं बोलायलाच त्यांना वर्ष लागलं होतं. आधी कोरडं पडायला लागलं, म्हणाल्या, चालताना आत काहीतरी खरवडतंय असं वाटायचं. मग खाज. मग लघवीला गेलं की आग, पुन्हा पुन्हा उन्हाळी लागायची, दर वीस मिनिटांनी जावंसं वाटायचं आणि गेलं की चार थेंब. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. जंतू म्हटलं की काय करायचं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आधी तांब्याभर पाण्यात एक झाकण लोशन. जळजळ वाढली, तर दोन झाकणं. मग दिवसातून दोनदा.

"अहो, पण वाढतंय ना ते?"

"वाढतंय म्हणजे अजून पुरतं मेलं नाही. जास्त मळलेल्या हत्याराला आपण दोनदा भिजवतो की नाही?"

हत्यार आणि अंग ह्यात फरक असतो, एवढं तरी ह्या बाईला कळायला नको? मी डॉक्टरचं नाव काढलं तर उसळल्याच.

"त्या टेबलावर मी झोपू? बाईला तपासायचं ते चोचीचं हत्यार किती हजार वेळा धुतलंय मी, माहितेय? कुठल्या टेबलावरून कधी आलं ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते खाली येणार, तुम्ही तिघी ते घासणार, आणि चष्मेवाली लेबल वाचणार. आणि डॉक्टरचा कागद जाणार इन्चार्जबाईंकडे. भिंतीवर काय लिहिलंय आपल्या? जंतुसंसर्ग असलेल्यांना आत मनाई. मग काय, गेली खोली."

"ते खोकल्याबद्दल लिहिलंय. हाताला जखम असेल तर."

"जंतू ते जंतू. रिटायर व्हायला वीस महिने राहिलेत माझे. मला ते त्या खोलीत काढायचेत. खोली गेली तर दिवसभर घरी बसून काय करू, ह्यांच्या कवळ्या उकळू?"

हसायला आलं मला, पण त्या हसत नव्हत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात कांद्याचा होता. थोरले दीर बाहेरच्या खोलीत झोपायला लागले होते ते का, तेही मला त्या दिवशी समजलं. त्यांना वाटायचं बायकोचं मन उडालं. त्यांनी माझ्या नवऱ्याजवळ विचारलंही होतं, "तिचं बिनसलंय काय?" आणि ही बाई त्यांना सांगू शकत नव्हती, मला सांगू शकत नव्हती, डॉक्टरला तर नाहीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी खूप बोलले त्यांना. अति तिथे माती म्हटलं, आडमुठ्या म्हटलं, हे अंगाशी येईल म्हटलं. बोलायला माझं काय जात होतं.

त्यानंतर चारेक महिने असेच गेले. मंगळवारी वर ऑपरेशनांची मोठी यादी असते. त्या मंगळवारी सकाळी जाऊबाईंचा चेहरा लालबुंद होता. मी कपाळाला हात लावायला गेले तर झटकला.

"आज राहू द्या. अंगात ताप आहे तुमच्या."

"अकरा ऑपरेशनं आहेत आज. माझ्याशिवाय आत कोण जाणार, तू?"

आठ वाजता त्या आत गेल्या. पहिली बॅच निघाली. दुसरी लागली. मी काचेतून बघत होते. त्या उभ्या होत्या, एक हात मशीनवर, गुडघे एकमेकांना चिकटवलेले. कंबरेत मागच्या बाजूने हात दाबत होत्या. त्यांच्या मागे फळीवर सोळा ट्रे तयार, लेबलं एका रेषेत. मग त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"धाकटे, मला बाहेर यायचंय."

"या की मग!"

"बॅच आत आहे. पन्नास मिनिटं आहेत अजून."

"खड्ड्यात गेली बॅच, तुम्ही या!"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. दोन दारं, मधे हात धुवायची जागा, कपड्यांची खुंटी. तेवढं अंतर काही फार नाही, दहा पावलं असेल. त्यांनी पाऊल उचललं आणि तिथेच थांबल्या. मी त्यांच्या आतल्या चपला बघितल्या, चपलांभोवतीची फरशी बघितली, आणि नजर दुसरीकडे वळवली. ठेंगणी नळाखाली होती, चष्मेवाली लेबलं लिहीत होती. बघितलं ते मी एकटीने.

मी बटण दाबलं आणि हळू आवाजात म्हटलं, "कोणी बघितलं नाही. पुसून घ्या, कपडे बदला. ट्रे फळीवर आहेत, बांधलेल्या आहेत, काही होत नाही त्यांना."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. आणि जाऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

ते बटण मी आधी कधी दाबलेलं बघितलं नव्हतं. ते दाबलं की वर ऑपरेशनच्या मजल्यावर दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ होतो की खोली बाटली, इथलं काही वापरू नका. सोळाच्या सोळा ट्रे रद्द. वर माणसं कापडाखाली झोपायच्या बेतात होती, त्यांना परत वॉर्डात नेलं. तीन तास सगळं ठप्प. फोन वाजायला लागले ते थांबेचनात. इन्चार्जबाई धावत खाली आल्या, त्यांच्यामागून मशीन दुरुस्त करणारा.

"पुन्हा मशीन का?" इन्चार्जबाईंनी विचारलं आणि हातातलं रजिस्टर उघडलं. कारण लिहायचा रकाना होता त्यात.

"हो हो, मशीनच!" मी म्हटलं. पटकन तोंडातून गेलं. मशीनवाला पांढराफटक पडला. त्याला मागच्याच महिन्यात शेवटची ताकीद मिळाली होती, हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले.

जाऊबाई तेवढ्यात बाहेर आल्या. घरचे कपडे घातलेले, दात वाजत होते. "मशीनला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला आत लघवी झाली."

नळ चालू होता तो ठेंगणीने बंद केला. इन्चार्जबाई म्हणाल्या, "अहो, हे काय हात दाखवून अवलक्षण..." आणि पुढचं वाक्य राहिलं, कारण जाऊबाई भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली बसल्या. एकशे तीन ताप.

ज्या टेबलाला त्या वर्षभर भीत होत्या, त्याच टेबलावर त्यांना अर्ध्या तासात झोपवलं. मी सोबत होते. बायकांच्या विभागातली डॉक्टर आमच्या मुलींच्या वयाची. पडदा ओढला, पांघरूण घातलं आणि ट्रेमधल्या चोचीच्या हत्याराकडे हात नेला. त्या तापातही आमच्या बाई मान उचलून म्हणाल्या, "दुसऱ्या ट्रेमधलं छोटं घ्या. ह्याचा स्क्रू घट्ट आहे, चिमटतं ते." डॉक्टरने खरंच छोटं घेतलं. मला ती मुलगी तिथेच आवडली.

तपासून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही ही जागा कशाने धुता?"

जाऊबाई छताकडे बघत होत्या. मीच सांगितलं, निळ्या लोशनने, दोन झाकणं, दिवसातून दोनदा. डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"दीड वर्ष होईल."

ती स्टूल ओढून जाऊबाईंच्या डोक्याशी बसली. ओरडेल असं मला वाटलं होतं, मी तरी ओरडले असते. ती म्हणाली, "काकू, आधी हे ऐका. मला तरी तिथे कुठे गाठ किंवा संशयाचं काही दिसलं नाही. गुप्तरोग दिसत नाही. आणि घाण तर अजिबात नाही."

"जंतू?"

"जंतू असायलाच हवेत तिथे. सगळे जंतू चोर नसतात. बाईच्या ह्या जागेत राखण करणारे जंतू असतात. दही लावणारे जंतू असतात ना, त्यांचेच भाऊबंद. ते तिथे आंबटपणा धरून ठेवतात, आणि त्या आंबटपणात बाहेरचे वाईट जंतू टिकत नाहीत. पाळी चालू असते तोवर शरीरातलं हार्मोन त्यांना खायला घालतं. पाळी गेली की हार्मोन कमी होतं. आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते, राखणदार उपाशी राहतात, कमी होतात. म्हणून खाज, म्हणून आग, म्हणून लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा. निम्म्या बायकांना होतं हे, सांगत कोणी नाही. तुमच्याकडे जे थोडे राखणदार उरले होते..." ती थांबली.

"ते मी मारले," जाऊबाई म्हणाल्या.

"लोशनने मेले. कातडीही सोलवटलीय. आणि तुम्ही पाणी बंद केलं, लघवी धरून ठेवली. त्यामुळे जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत. हा ताप त्याचा आहे."

मग त्या रडल्या. कवळी उकळणारी, कोणाचं ऐकून न घेणारी आमची उकळबाई लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. "एकवीस वर्षं मी जंतू मारतेय गं," त्या मला म्हणाल्या, "काही राखायचे असतात हे एकाने तरी सांगायचं होतं मला." मी त्यांचा हात धरून बसले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो इलाज आमच्याच खोलीतल्या कॅनमधला होता.

सहा दिवस वॉर्डात सलाईन. मग गोळ्या, आणि आत लावायचं हार्मोनचं मलम. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. धुवायचं ते साध्या पाण्याने, तेही वरून. भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं. डॉक्टरने हे सगळं कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. थोरल्या दिरांनाही बोलावून समजावलं. ते बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला म्हणाले, "मला वाटलं मीच नकोसा झालो." मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. इथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण थांबता येत नाही.

जाऊबाई कामावर परत आल्या त्या दिवशी इन्चार्जबाईंनी आम्हा चौघींना मळक्या बाजूला उभं केलं. हातात डॉक्टरचा कागद. ती बाई वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्या म्हणाल्या, "ह्यांना लागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यायचं असं लिहिलंय. निर्मळ बाजूला ते जमत नाही. म्हणून ह्यांना वरच्या कापूस-बँडेजच्या स्टोअरमध्ये देतेय. दुसरा एक मार्ग आहे. आत एकीऐवजी दोघी ठेवल्या तर एक बाहेर जाऊ शकते. पण एका बाईच्या दुखण्यासाठी वरचे लोक मला जादा माणूस देणार नाहीत. आणखी कोणाला असा त्रास असेल तर आत्ता सांगा. दोघीतिघींचं म्हणणं असेल तर मी भांडेन."

चष्मेवाली लेबलांची थप्पी सरळ करायला लागली. ठेंगणीने हातमोज्याची बोटं ओढली. मी नळाकडे बघत राहिले. नळ गळत नव्हता, तरी बघत राहिले.

"आणि लोशनचा एक कॅन दर महिन्याला जादा संपतो," इन्चार्जबाई म्हणाल्या. "कोण नेतं?"

"मीच," जाऊबाई म्हणाल्या.

"अख्खा कॅन?"

"हो. मीच." त्यांनी आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही.

तर अशी त्यांची खोली गेली. वीस महिन्यांतले सोळा राहिले होते. त्यांच्या जागी आत कोणी जायचं? सगळ्यात जुनी मी. हातातलं काम मला येत होतंच, एवढी वर्षं काचेतून बघून बघून पाठ झालं होतं. इन्चार्जबाईंनी माझं नाव लिहिलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आत टोपी घालून एकटीने उभं राहायची हौस मला पहिल्या दिवसापासून होती. घरी थोरली, कामावर थोरली, आपण आपल्या कायम घासणाऱ्या.

हौस चार दिवस टिकली.

संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी येतो. जाऊबाईंच्या हातात आता पाण्याची बाटली असते, मधे थांबून घोट घेतात. चेहरा निवळलाय. मी विचारलं, स्टोअर कसं आहे? म्हणाल्या, "खिडकी आहे. संडास शेजारी आहे. सगळं आहे. दिवसभर बँडेजचे गठ्ठे मोजते आणि खाली वाफेचा आवाज आला की हात थांबतो." मग थोडं चालून म्हणाल्या, "एका कॅनमध्ये दहा बाटल्या बसतात, धाकटे. मी महिन्याला दोन नेत होते. फार तर तीन."

मी पुढे चालत राहिले.

"चष्मेवालीचं मला माहितेय. ठेंगणीचं नक्की नाही. तुझी बाटली पावडरच्या डब्यामागे असते, वरच्या फळीवर."

रस्त्यात माणसं होती, दुकानं उघडी होती, आणि मला वाटलं सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"एकाच न्हाणीघरात राहतो आपण. तुला माझा वास आला, मला तुझा येणार नाही?"

"मग इन्चार्जबाईंसमोर का नाही बोललात? माझं नाव घेतलं असतंत तर तुमची खोली..."

"तुझं अंग, तुझी जीभ," त्या म्हणाल्या. "माझं सांगताना मला काय वाटलं ते मला माहितेय. तुझं मी कशी सांगू?"

रागावल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पण त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली, "पी," म्हणाल्या, आणि मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आठला मला आत जायचं होतं. सकाळी आठला आत जाणाऱ्या बाईने संध्याकाळी सहाला पाणी प्यायलं तरी मनात हिशेब चालू होतो, हे कोणाला सांगून कळणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. बोलावं तर खोली जाते, न बोलावं तर हे.

त्या दिवशी घरी जाऊन मी माझी लोशनची बाटली मोरीत ओतली. त्यांना आडमुठ्या म्हणणारी मी. अंगाशी येईल म्हणणारी मी. त्या टेबलाशेजारी उभं राहून राखणदारांची सगळी गोष्ट कान देऊन ऐकली, आणि वॉर्डातून घरी येऊन पुन्हा झाकणभर लोशन घेतलंच होतं. एवढी अक्कल! ओतली खरी, पण आग काही मोरीतून वाहून जात नाही.

काल पुन्हा मंगळवार होता. दुसरी बॅच लागली होती. मी आत, एक हात मशीनवर, गुडघे एकमेकांना चिकटवलेले. फळीवर चौदा ट्रे. काचेपलीकडे इन्चार्जबाई सह्या करायला आल्या होत्या, ठेंगणी नळाखाली, चष्मेवाली लेबलं लिहीत होती. मी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. त्या दिवशी थोरली इथेच उभी होती आणि तिने पुसून घ्यावं असं मी बाहेरून सांगत होते, ते आठवलं.

मी स्पीकरचं बटण दाबलं.

"इन्चार्जबाई, तुम्ही विचारलं होतं, आणखी कोणाला आहे का. मला आहे. लोशनही मी नेत होते. माझ्या जाऊबाईंनी माझ्या वाटचं स्वतःवर घेतलं आणि मी गप्प उभी राहिले, म्हणून त्यांची खोली गेली. आज लिहा माझं नाव."

त्या काचेजवळ आल्या. "किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "नाही. चार."

चष्मेवालीचा हात लेबलावर थांबला. तिने मान वर केली नाही, पण पुढचं लिहीतही नव्हती. इन्चार्जबाईंनी खुर्ची ओढली, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "सावकाश सांगा, मी लिहितेय."

मी सगळं सांगितलं. माझं सांगून झालं तेव्हा बॅचची अजून पस्तीस मिनिटं होती.